स्मरण एका कल्पवृक्षाचे

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. वक्ते पश्चिम रेल्वेत पी-वे विभागात सीनियर सेक्शन इंजिनियर आहेत.)



व्याख्यानाचे आमंत्रण देताना कार्यवाहांनी एकच अट घातली. म्हणाले, "विषय कुठलाही घ्या, फक्त रूळ, खडी आणि स्लीपर नको." अट मी बऱ्याच अंशी पाळणार आहे. मात्र मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. वीस वर्षे रुळांच्या कडेने चालतो आहे. त्यामुळे बोलता बोलता गाडी थोडी त्या रुळावर गेलीच, तर सांभाळून घ्यावे.

आज मला एका शेतकऱ्याचे स्मरण करायचे आहे. त्यांचे नाव भास्कर हिराजी सावे. या भागात लोक त्यांना भास्करभाई म्हणत. जन्म 27 जानेवारी 1922, मृत्यू 24 ऑक्टोबर 2015. म्हणजे त्र्याण्णव वर्षांचे भरघोस आयुष्य. गाव देहरी, तालुका उंबरगाव. आपल्या स्टेशनवरून डहाणूकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलात की अतुल, पारडी, उदवाडा, बगवाडा, वापी, करंबेले, भिलाड, संजाण आणि मग उंबरगाव रोड. तिथून समुद्राच्या बाजूला देहरी. इतक्या जवळचा माणूस. त्यांची शेती पाहायला जपानहून माणसे आली, आणि आपल्यातले अनेक जण मात्र रोज त्या स्टेशनवरून जातात-येतात, पण नाव ऐकलेले नसते. म्हणून हा विषय घेतला.

कोणी विचारील, मराठी मंडळाच्या व्यासपीठावर गुजरातचा शेतकरी कशाला? तर ऐका. भास्करभाई जन्मले तेव्हा उंबरगावचा भाग ठाणे जिल्ह्यात होता. 1 मे 1960 रोजी दोन राज्ये झाली, तेव्हा रेघ ओढली गेली आणि हा भाग गुजरातेत आला. रेघ नकाशावर पडली. माणसे, चिकूच्या वाड्या आणि समुद्राचा वारा जिथल्या तिथेच राहिले. सावे मंडळी वाडवळ समाजाची. वसई, पालघर, डहाणू ते उंबरगाव या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या वाड्या करणारे हे लोक, आणि त्यांची वाडवळी बोली ही आपल्या मराठीचीच बोली. आपण नोकरीमुळे या बाजूला आलो. ते जागचे हलले नाहीत, त्यांच्या भोवतीचे राज्य बदलले. तेव्हा आपले आणि त्यांचे नाते मी जुळवून आणलेले नाही, ते आधीपासूनच आहे.

आता त्यांचे आयुष्य थोडक्यात सांगतो. घरची शेती भाताची, कडधान्याची, थोड्या भाजीपाल्याची. शिक्षण सातवीपर्यंत. पुढे शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि दहा वर्षे प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. शाळा सांभाळून शेती चालूच होती. लग्न झाले, संसार वाढला. आपल्या सर्वांच्या वडिलांचे किंवा आजोबांचे वर्णन करावे, तसेच हे वर्णन आहे.

त्या काळात रासायनिक खत नवीन होते. भास्करभाई हुशार आणि मेहनती. नवीन पद्धत त्यांनी आधी उचलली, पीक जोरात आले, आणि ते भागातले आदर्श शेतकरी ठरले. एवढेच नाही, त्यांना खताची एजन्सी मिळाली. म्हणजे विचार करा, जो माणूस पुढे देशातल्या नैसर्गिक शेतीचा वडीलधारा म्हणून ओळखला गेला, तो सुरुवातीला खताची पोती विकत होता, आणि शेजाऱ्यांना वापरायला सांगत होता.

मग बदल का झाला? कोणी साधू भेटला नाही, दृष्टान्त झाला नाही. मास्तरांनी हिशोब मांडला. दरवर्षी उत्पन्न तेवढेच राखायचे तर खत जास्त लागत होते, पाणी जास्त लागत होते, औषध जास्त लागत होते. पीक चांगले दिसत होते, पण खर्च वजा जाता हातात उरणारी रक्कम घसरत होती. गांधीजी आणि विनोबांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होताच. पण मला त्यांच्यातला हिशोबी शेतकरी जास्त भावतो. स्वतःचे कमिशन चालू असताना, आदर्श शेतकरी म्हणून नाव झालेले असताना, वहीतला आकडा खरा मानून मागे फिरणे ही सोपी गोष्ट नाही. आपण नोकरदार माणसे आहोत. चालू असलेली गोष्ट बंद करणे किती कठीण, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

त्यांच्या शेताचे नाव 'कल्पवृक्ष'. एकूण चौदा एकर. त्यातले दहा एकर मिश्र बाग, त्यात मुख्य झाडे नारळ आणि चिकू. दोन एकरांत भात, कडधान्ये, गहू, भाजीपाला असे हंगामी पीक आलटून पालटून. उरलेले दोन एकर नारळाच्या रोपांची वाटिका. बागेत केळी, पपया, सुपारी, शेवगा, फणस, आंबा, जांभूळ, सीताफळ, लिंबू, चिंच, कडुनिंब, खाली कढीपत्ता आणि तुळस, झाडांवर मिरीचे आणि नागवेलीचे वेल. दोन एकरांतला नवाबी कोलम तांदूळ घरच्यांना आणि पाहुण्यांना पुरायचा, आणि उरला तर नातेवाइकांकडे, मित्रांकडे भेट म्हणून जायचा.

मी या सेक्शनला आलो तेव्हा भास्करभाई हयात नव्हते. माझी ओळख त्यांच्या झाडांशी झाली. पुढची पिढी ती शेती सांभाळते आहे. फाटकातून आत गेल्यावर काही पावलांवर एक पाटी आहे. सहकार्य हा निसर्गाचा मूळ नियम आहे, अशा अर्थाची. शाळामास्तरची सवय. पाटीवर लिहिल्याशिवाय धडा पुरा होत नाही. आत गेलात की पायाखाली जमीन दिसतच नाही, पालापाचोळ्याची गादी असते. बाहेर एप्रिलचे ऊन तापलेले असले तरी आत शर्ट अंगाला चिकटत नाही.

या बागेची रचना समजावून सांगताना भास्करभाई झाडांचे तीन प्रकार करत. अल्पजीवी, मध्यजीवी आणि दीर्घजीवी. दीर्घजीवी म्हणजे नारळ, चिकू, आंबा. ही झाडे फळाला यायला वर्षे लागतात. मधल्या काळात शेतकऱ्याने खायचे काय? आणि दोन रोपांमधली उघडी जमीन उन्हाने भाजू नये म्हणून काय करायचे? तर तिथे अल्पजीवी लावायचे, म्हणजे भाज्या, कडधान्ये. ती काही महिन्यांत पैसे देतात, सावली देतात, आणि कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्रही मिळते. त्यांच्या जोडीला मध्यजीवी, म्हणजे केळी, पपई, शेवगा. ती दोन-चार वर्षे घर चालवतात. तोवर दीर्घजीवी झाडे वर येतात, त्यांची सावली पडू लागते, आणि खालची छोटी मंडळी आपोआप बाजूला होतात. कोणाला उपटावे लागत नाही.

मला वाटते, कुटुंबवत्सल माणसालाच ही रचना सुचू शकते. घरात आजोबा आहेत, कमावता मुलगा आहे, पाळण्यातले मूल आहे. प्रत्येकाचा वेग वेगळा, गरज वेगळी, आणि एकाच्या सावलीत दुसरा वाढतो. आज लावले आणि वीस वर्षे उपास काढले, असा त्याग भास्करभाईंनी घरच्यांवर लादला नाही. यंदाची चूल, पाच वर्षांनंतरचे मुलांचे शिक्षण आणि पन्नास वर्षांनंतरची नातवंडे, या तिन्हींची सोय एकाच जमिनीत, एकाच वेळी केली.

आता अट थोडी मोडतो आणि पाण्याकडे येतो.

पी-वेमध्ये आम्हाला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट शिकवली जाते. रुळाचा मोठा शत्रू पाणी. खडीखाली पाणी साचले की माती मऊ पडते, गाडी गेली की चिखल वर उसळतो, खडी चिखलाने भरते, रुळाची पातळी बिघडते, आणि मग वेगावर निर्बंध लावावा लागतो. म्हणून आमची सगळी धडपड पाणी काढून देण्याची. आत्ता आपण इथे आरास पाहत बसलो आहोत, तेव्हा आपले कितीतरी ट्रॅक मेंटेनर हातात बॅटरी घेऊन पावसाळी गस्तीवर आहेत. या जिल्ह्यात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला प्रत्येक थेंब त्यांच्या ओळखीचा असतो. त्यांच्यासाठी एकदा टाळ्या झाल्या पाहिजेत.

आता भास्करभाई काय सांगत ते पाहा. झाडाच्या मुळांना पाणी नको असते, ओलावा हवा असतो. आपल्याकडचे जुने शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, तो. मातीच्या कणांमध्ये थोडी ओल आणि थोडी हवा, दोन्ही असली पाहिजेत. पाणी तुंबले की हवा जाते, मुळे गुदमरतात. म्हणून त्यांनी झाडांच्या रांगा उंचवट्यावर ठेवल्या आणि रांगांच्या मधून चर काढले. पाणी द्यायचे ते चरात, खोडापाशी नाही. मुळे ओलाव्याच्या शोधात बाहेर पसरतात, झाड घट्ट उभे राहते. वरून पालापाचोळ्याचे पांघरूण आणि झाडांची सावली असल्यामुळे ओल उडून जात नाही. पाणी फार थोडे लागते. पावसाळ्यात तेच चर जादा पाणी झिरपवतात.

मी ते चर पाहिले तेव्हा मला आमची साइड ड्रेन आठवली. उंचवट्यावर रूळ, कडेला चर. रचना तीच. फरक इतकाच की आमचा चर पाणी घालवण्यासाठी असतो, त्यांचा चर पाणी मुरवण्यासाठी. पुस्तकात ड्रेनेजचे गणित शिकलेला मी, आणि सातवी शिकून मास्तर झालेले ते. दोघेही एकाच निष्कर्षाला आलो की, जे काही उभे राहायला हवे, त्याच्या पायात पाणी तुंबता कामा नये.

तिसरी गोष्ट तणाची. आमच्याकडे खडीतले गवत काढणे हे कामच असते, आणि ते बरोबरच आहे. पण शेतात तण म्हणजे दुश्मन, हा हिशोब भास्करभाईंना मान्य नव्हता. उघड्या जमिनीवर निसर्ग झाकण घालतो, त्याला आपण तण म्हणतो, अशी त्यांची दृष्टी. सावली वाढली की ते आपोआप कमी होते. जास्त माजलेच तर कापून तिथेच पसरायचे. नांगरणीचे काम गांडुळे, मुंग्या आणि मुळे करतात, त्यांना फक्त अन्न आणि सावली द्यायची. किडीचा बंदोबस्त पक्षी, कोळी आणि बेडूक करतात.

गणेशभक्तांना खरे म्हणजे हे नवीन वाटायला नको. आपला देव तणाचाच भुकेला आहे. दूर्वा काय आहे? शेतकऱ्याला विचारा, हरळी उपटता उपटता कंबर मोडते म्हणून सांगेल. आघाडा, माका, धोत्रा, रुई, यांतले काय आपण कुंडीत लावतो? पण गणपतीच्या एकवीस पत्रींत त्यांना मान आहे. कोणा शहाण्या पूर्वजाने ही सोय केली असावी, की वर्षातून एकदा तरी घरातल्या मुलांनी बांधावर जावे, आघाडा कोणता आणि माका कोणता हे ओळखावे. आज आपण पत्री बाजारातून जुडी करून आणतो, आणि त्यात काय काय आहे ते न पाहताच वाहतो. या मंडपातल्या किती मुलांना आघाडा ओळखता येईल? मी परीक्षा घेत नाही. पालकांनाच विचारावे लागेल, आणि मग वातावरण बिघडेल.

या सगळ्याचे फळ काय मिळाले? त्यांच्या बागेविषयी जे लिहिले गेले आहे, त्यानुसार माडाला वर्षाला सरासरी साडेतीनशेच्या आसपास नारळ, आणि काही माडांना चारशेच्या वर. साधारण चांगल्या माडाला ऐंशी-शंभर नारळ आले तरी आपल्याकडे कौतुक होते. चिकूच्या एकेका झाडाला वर्षाला तीनशे किलोपर्यंत फळ. खर्च म्हणजे मुख्यतः उतरवणीची मजुरी. 'वन स्ट्रॉ रेव्होल्यूशन' लिहिणारे जपानी शेतकरी मासानोबू फुकुओका 1990 च्या दशकात इथे आले होते, आणि ही बाग आपल्या स्वतःच्या शेतीपेक्षाही सरस आहे, अशी त्यांनी मोकळेपणाने दाद दिली. 2010 साली सेंद्रिय शेतीच्या जागतिक महासंघाने, म्हणजे आयफोमने, भास्करभाईंना जीवनगौरव दिला. तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याऐंशी होते. शनिवारी दुपारी शेत पाहायला येणाऱ्यांसाठी फाटक उघडे असे, आणि या वयातही मास्तरांचा वर्ग भरत असे. शाळा दहा वर्षांत सुटली, मास्तरकी शेवटपर्यंत सुटली नाही.

त्यांच्या आयुष्यातला आणखी एक प्रसंग सांगितला पाहिजे. 29 जुलै 2006 रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी राष्ट्रीय शेतकरी आयोगाचे अध्यक्ष डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांना एक लांबलचक खुले पत्र लिहिले. त्या काळात विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या रोज येत होत्या. पत्रात त्यांनी अगदी सरळ विचारले की, कर्ज, विकतचे बी, विकतचे खत आणि ओरबाडलेले पाणी या मार्गाने शेतकरी कुठे पोचला. आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण त्यांनी दिले होते. देशात सर्वांत जास्त मोठी आणि मध्यम धरणे तिथे, पण तीन-चार टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाचे सत्तर टक्के पाणी पितो, असे त्यांनी मांडले. एक किलो साखरेमागे जे पाणी जाते, त्यात ज्वारी-बाजरी किती पिकली असती, याचाही हिशोब दिला. पुन्हा हिशोबच.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. हरितक्रांती आली तेव्हा देशाला धान्य हवे होते. अमेरिकेहून गव्हाची जहाजे येत होती, आपल्या आई-वडिलांनी रेशनचा तो गहू खाल्लेला आहे. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ते काम लहान नव्हते. भास्करभाईंची बाग समुद्रकिनाऱ्याची, भरपूर पावसाची. यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हेच जसेच्या तसे करता येईल, असे मी म्हणणार नाही. दीर्घजीवी झाडाची वाट पाहायला पाठीशी थोडा आधार लागतो. भास्करभाईंनाही काही वर्षे मास्तरकीचा पगार होता. शिवाय 'काही करू नका, निसर्ग सगळे करतो' असे ऐकून कोणी जमीन नुसती पडीक टाकील, तर तिथे रान माजेल, बाग होणार नाही. भास्करभाईंचे काही न करणे म्हणजे रोज बागेत फिरणे, पाहणे, आणि जिथे हात लावायची गरज नाही तिथे हात आवरणे. आमच्या कीमनला विचारा. तो रोज आपल्या हद्दीतला रूळ चालून पाहतो. बहुतेक दिवशी फारसे काही निघत नाही. पण त्याचे चालणे बंद करून पाहा!

आता हे सगळे मी आपल्याला का सांगतो आहे? कारण या हॉलमध्ये बसलेल्या बहुतेकांचे नाव कुठल्या ना कुठल्या सातबाऱ्यावर आहे. कोणाचे रत्नागिरीत, कोणाचे जळगावात, कोणाचे साताऱ्यात. नाव आहे, आणि माणूस इथे आहे. चहाच्या टपरीवर आपला ठरलेला संवाद असतो. "गावची जमीन काय करणार?" "बघू, रिटायर झाल्यावर."

माझे स्वतःचे सांगतो. रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात आमची अडीच एकर वरकस जमीन आहे. वडील ऐंशीच्या घरात आहेत. अजून रोज काठी घेऊन जमिनीवर एक चक्कर मारतात. गेल्या वर्षी फार्महाऊससाठी गिऱ्हाईक आले. भाऊ ठाण्यात राहतो, त्याला घराचे हप्ते आहेत, त्याचे म्हणणे विकू या. त्याची अडचण खोटी नाही. बहिणीचाही वाटा आहे. ती म्हणते, बाबा आहेत तोवर नको. वडील काहीच म्हणत नाहीत. एवढेच विचारतात, "या जूनला कोण येणार?"

मी भावाला भास्करभाईंचा हिशोब सांगितला. मी सत्तेचाळीसचा आहे. उंच जातीचा माड आज लावला तर फळाला यायला सहा-सात वर्षे. म्हणजे माझ्या त्रेपन्न-चोपन्नाव्या वर्षी पहिला नारळ. साठाव्या वर्षी निवृत्त होईन तेव्हा झाड भरात असेल. पण निवृत्त झाल्यावर लावायला गेलो तर पहिला नारळ सदुसष्टाव्या वर्षी, आणि तोवर खड्डा खणायला गुडघे साथ देतील याची खात्री नाही. "रिटायर झाल्यावर बघू" हे उत्तर झाडाच्या वेळापत्रकात बसत नाही. आपल्याला एक मिनिट उशीर झाला तर खुलासा द्यावा लागतो, आणि इथे आपण पंधरा वर्षे सहज पुढे ढकलतो!

म्हणून या जूनमध्ये चार दिवसांची रजा टाकून गेलो. वडिलांनी जागा दाखवल्या, मी खड्डे घेतले. आंबा, काजू, फणस मिळून पंचवीस. मधे शेवगा आणि पपई. बांधावर तूर. उताराला आडवे तीन चर काढले. तिथे पी-वेचे शिक्षण कामी आले. भावाने दिवाळीपर्यंत वेळ मागितला आहे. तो काय ठरवील ते मला आज सांगता येत नाही. विकायचे ठरले तर सह्या होतील, भांडण होणार नाही. मात्र निर्णय घेताना कागदावर नुसते अडीच एकर असणार नाहीत. वडिलांनी जागा दाखवून लावलेली पंचवीस झाडे असतील. त्यांची किंमत करायची झाली तर तिघांनाही तिथे जाऊन उभे राहावे लागेल.

प्रत्येकाला जमीन नाही, हे मला माहीत आहे. आपण क्वार्टरमध्ये राहणारी माणसे, उद्या बदली झाली तर सामान टेम्पोत. पण क्वार्टरमागच्या दहा फूट जागेतही भास्करभाईंचे चार धडे करता येतात. एक, झाडाचा पाला जाळू नका, बुंध्यापासून थोडा दूर तिथेच पसरा. दोन, मोठ्या झाडाला पाणी खोडापाशी ओतू नका, त्याची सावली जिथे संपते तिथे उथळ चर काढून त्यात द्या. तीन, बदलीची भीती असेल तर अल्पजीवी लावा, पण एखादे दीर्घजीवी नक्की लावा. पुढे येणारा कर्मचारी आपलाच आहे. आज आपण ज्या आंब्याखाली सायकली लावतो, तो लावणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. चार, आपल्या मंडळाचे दहा दिवसांचे निर्माल्य नदीत न टाकता खड्ड्यात जिरवा. अध्यक्ष महाशय, खड्डा खणून द्यायची जबाबदारी माझ्या गँगची.

आमच्या खात्यात प्रत्येक वस्तूचे आयुष्य ठरलेले असते. साठ किलोचा रूळ किती ग्रॉस मिलियन टन वाहतूक सोसेल, हे तो टाकतानाच लिहिलेले असते. टाकल्या दिवसापासून तो झिजू लागतो. माणूसही झिजतोच. भास्करभाई त्र्याण्णव वर्षे झिजले. पण 1960 च्या सुमारास त्यांनी लावलेल्या चिकूच्या झाडांनी त्यांच्यामागेही फळ धरले आहे. त्या फळाला सातबारा कळत नाही आणि राज्याची रेघही कळत नाही. असा माणूस आपल्या शेजारी होऊन गेला. त्याचे स्मरण भाषणाने थोडेसे होते, खड्डा खणल्याने अधिक होते.

 आता आरतीची वेळ झाली आहे, तेव्हा थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!